बंब पेटतो, पण पाणी तापत नाही

पौषातील थंडी पडू लागली की, आमच्या खर्ड्याकडे पुष्कळ घरी तांब्याचा बंब पुन्हा पेटू लागतो. सौर बंब आले, गॅसचे आले. तथापि ज्याच्या बांधावर तुरकाट्या व बाभळीचे सरपण पडलेले आहे, त्याला जुना बंब अद्यापि सोयीचा वाटतो. परंतु जाळ धडधडत असूनही तोटीस पाणी गार येते, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. अशा वेळी मनुष्य आणखी सरपण कोंबतो, आणि चूक होते ती येथेच. आमचे आयुष्य महसुली दप्तरात गेले. तेथील शिस्त अशी की, बेरीज जुळत नसेल तर पहिल्या ओळीपासून तपासावे. तीच शिस्त बंबास लावावी.

पहिली तपासणी पाण्याची. गरम पाणी हलके होऊन वर चढते व गार पाणी तळाशी राहते. तोटी तळाजवळ असल्यास जाळाच्या पातळीखालचे पाणी बराच वेळ गार असते. सबब पहिले एक-दोन तांबे गार आले एवढ्यावरून बंब बिघडला असे समजू नये. ते पाणी पुन्हा वरून ओतावे.

दुसरी तपासणी वाऱ्याची. वारा जाळीखालून आत शिरतो व धूर मधल्या नळीतून वर जातो. खाली राख साचली, किंवा नळी सरपणाने ठासली, की जाळ गुदमरतो व धूर उलट तोंडाने बाहेर येतो. गेल्या हिवाळ्यात आम्ही स्वतः तुरकाट्यांची अर्धी मोळी जाळली व पाणी कोमटच राहिले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो राख जाळीस टेकलेली! राख काढताच त्याच बंबास निम्मे सरपण पुरले.

तिसरी तपासणी सरपणाची. उकळत्या १ किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत २० लिटर पाणी २७ अंश सेल्सिअसने तापते. म्हणजे ओल्या लाकडातील प्रत्येक किलो पाणी आपल्या स्नानाची उष्णता धुराबरोबर घेऊन जाते. सरपण पावसाळ्यापूर्वी फोडून आडोशास रचावे.

चौथी तपासणी काजळीची व क्षारांची. तांबे उष्णता उत्तम वाहून नेते. परंतु नळीस आतून काजळी व पाण्याच्या बाजूने क्षारांचा थर बसला, म्हणजे जाळ आणि पाणी यांच्यामध्ये जणू गोधडीच पडते. काजळी काठीस गुंडाळलेल्या चिंध्यांनी, बंब थंड असता काढावी. क्षारांसाठी लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून काही वेळ ठेवावे व मग बंब दोन-तीनदा धुवावा. आतून कल्हई असल्यास तीव्र आम्ल वापरू नये.

पाचवी तपासणी डाखाची. रिकामा बंब कधीही पेटवू नये. पाणी नसता डाख वितळून सांधे सुटतात, मग पाणी गळून जाळावर पडते आणि पुन्हा तीच तक्रार उभी राहते. सांधा ओला दिसल्यास तांबटास दाखवावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. थंडी लागते म्हणून पुष्कळ लोक पेटता बंब आत ठेवून न्हाणीघराचे दार व झरोका बंद करतात. असे कदापि करू नये. वारा कमी पडलेल्या जाळातून, तसेच धुमसत्या निखाऱ्यांतून, कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्यास रंग नाही, वास नाही. तो रक्तातील हिमोग्लोबिनास प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक बळाने चिकटतो. डोके दुखते, चक्कर येते, आणि सावध होण्यापूर्वीच मनुष्य कोसळतो. गॅसच्या बंबासही हाच नियम आहे. बंब अंगणात किंवा उघड्या पडवीत पेटवावा व पाणी बादलीने आत न्यावे. कोणास चक्कर आल्यास प्रथम उघड्या हवेत आणावे व विलंब न करता दवाखान्यात न्यावे.

पाणी, वारा, सरपण, काजळी-क्षार व डाख, या क्रमाने पाहिल्यास बहुतेक दोष घरीच सापडतो. पाणी गार राहिले तर एका दिवसाचे स्नान चुकेल. झरोका बंद राहिला तर माणूस जाईल. म्हणून बंब पेटविण्यापूर्वी राख पाहावी, आणि राखेच्याही आधी दार उघडे आहे की नाही ते पाहावे.