प्रिंट टाकला की पळणारा बग

चि. सोनूस,


तुझी मेल वाचली, सोबतचा कोडही उघडून पाहिला. फायनल इयरच्या प्रोजेक्टला इंटरप्रिटर घेतलास तेव्हा तुझी आई धास्तावली होती. सगळी मुलं ॲप करतात, हिलाच कशाला नस्ती उठाठेव, असं तिचं म्हणणं. मी तिला म्हटलं, करू दे, निदान कॉम्प्युटर आतून कसा चालतो ते तरी कळेल. आता ते कळायची वेळ आली आहे, एवढंच.

तू लिहितेस की लूपमध्ये स्ट्रिंगला स्ट्रिंग जोडत गेलं की हजारो फेऱ्यांनंतर एखाद्या व्हेरिएबलमध्ये भलत्याच स्ट्रिंगची अक्षरं येतात. छोट्या टेस्ट सगळ्या पास. आत काय चाललंय ते बघायला म्हणून प्रिंटएफ टाकला की बग गायब. आणि मग शेवटी हळूच विचारलं आहेस, "दोन ओळी वरखाली केल्या तर आता येत नाहीये मामा, तसंच सबमिट करू का?"

अजिबात नको. मार्क मिळतीलही, परीक्षकाला कळणारही नाही. पण तो बग गेलेला नाही, फक्त दिसेनासा झालाय. आणि तुला ज्याचा वैताग आलाय, म्हणजे प्रिंट टाकला की तो पळतो, तोच तुझ्या हातातला सर्वांत चांगला पुरावा आहे. प्रिंटच्या त्या ओळीने प्रोग्रामचा अर्थ बदललेला नाही. मग बदललं काय? ज्या दिवशी या प्रश्नाचं उत्तर मिळेल त्या दिवशी बग सापडलाच समज. तू मात्र उलट करते आहेस. जिथे बग दिसतो तिथलाच कोड पुन्हा पुन्हा वाचतेस. तो कोड बहुधा निर्दोष असेल. जिथे बग दिसत नाही त्या जागांची नीट चौकशी कर.

यासाठी तुला एक खरी गोष्ट सांगतो, कारण या धंद्यात तिच्याइतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

२०१० च्या डिसेंबरअखेरीस पीएचपीच्या बगयादीत एक तक्रार दाखल झाली. स्क्रिप्ट जेमतेम एका ओळीची. एका व्हेरिएबलला २.२२५०७३८५८५०७२०११ई-३०८ ही संख्या द्यायची, बस्स. पीएचपी तिथेच अडकून बसायचं. एरर नाही, क्रॅश नाही, प्रोसेसर शंभर टक्के आणि काम शून्य. वेबसाइटच्या फॉर्ममधून कोणी हा आकडा पाठवला आणि पलीकडे त्याची संख्या करून घेतली जात असली, तर सर्व्हर लटकवता येत होता. त्यामुळे प्रकरण गमतीचं राहिलं नाही.

आता शोध कसा घेतला गेला ते बघ. पहिला प्रश्न: दोष अक्षरांत आहे की किमतीत? म्हणून तीच संख्या निरनिराळ्या तऱ्हेने लिहून पाहिली गेली. ०.२२२५०७३८५८५०७२०११ई-३०७ असं लिहिलं, तरी हँग. दशांशचिन्ह आणखी सरकवून घातांक बदलला, तरी हँग. म्हणजे अक्षरं वाचणारा भाग सुटला, दोष किमतीत. मग ही किंमत आहे तरी कुठली? चौसष्ट बिटांच्या डबलमध्ये पूर्ण अचूकतेने मांडता येणारी सर्वांत लहान धन संख्या साधारण २.२२५०७३८५८५०७२०१४ई-३०८. तिच्या खाली सबनॉर्मल संख्यांचा प्रदेश सुरू होतो, तिथे अचूकतेचे बिट कमी कमी होत जातात. आपली संख्या नेमकी या हद्दीवर उभी. हद्दीवर घोळ होतात हे तुला कॉलेजातही शिकवलं असेल, पण इथे ते अंदाजाने नाही, दाखवून सिद्ध झालं.

दुसरा प्रश्न याहून मोलाचा: कुठे होत नाही? चौसष्ट बिटांच्या बिल्डवर होत नव्हतं, बत्तीस बिटांच्या इंटेल बिल्डवर होत होतं. बत्तीस बिटांवरही कंपायलरला एसएसईने गणित कर असं सांगितलं की बग गायब. सोर्स कोड तोच, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. बदलली ती फक्त गणिताची जागा. चौसष्ट बिटांत गणित एसएसई-२ च्या रजिस्टरांत होतं, तिथे डबल म्हणजे डबलच, त्रेपन्न बिटांची अचूकता. बत्तीस बिटांत ते एक्स-८७ या जुन्या गणिती युनिटमध्ये होतं, आणि त्याची रजिस्टरं ऐंशी बिटांची. म्हणजे व्हेरिएबल रजिस्टरात असतं तोवर त्याला जादा शेपूट असतं, मेमरीत ठेवलं की ते कापलं जातं. एकाच व्हेरिएबलच्या दोन किमती, आणि कुठली कधी हे कंपायलर ठरवणार.

आता आतला लूप. अक्षरांवरून डबल काढणारा हा कोड मूळ डेव्हिड गे यांचा, १९९१ च्या सुमाराचा, आणि कितीतरी भाषांनी तो उसना घेतलेला. त्याची रीत अशी: आधी अंदाजे उत्तर काढायचं, मोठ्या पूर्णांकांच्या गणिताने ते तपासायचं, किती चुकलं त्याची दुरुस्ती काढून मिळवायची, पुन्हा तपासायचं. एक्स-८७ वर त्या दुरुस्तीला जादा शेपूट राहायचं आणि ती असावी त्यापेक्षा किंचित लहान भरायची. ती मिळवून उत्तर मेमरीत ठेवताना ते राउंड होऊन पुन्हा पूर्वीच्याच किमतीवर यायचं. तपासणी म्हणायची चुकलंय, दुरुस्ती म्हणायची केली, आणि उत्तर जागचं हलायचं नाही. असंच चालू राहायचं. उपाय निघाला तो एका शब्दाचा: व्हेरिएबलच्या घोषणेत व्होलटाइल. म्हणजे रजिस्टरात रेंगाळू नकोस, दर वेळी मेमरीत जा, शेपूट कापून ये. ६ जानेवारी २०११ रोजी ५.३.५ आणि ५.२.१७ या आवृत्त्या यासाठीच निघाल्या.

अशा कोडमध्ये मध्येच प्रिंटएफ टाकला तर काय होईल? फंक्शन कॉल आला की एक्स-८७ ची रजिस्टरं रिकामी करावी लागतात, किंमत मेमरीत जाते, शेपूट कापलं जातं. बग गायब. ज्याला एवढं माहीत आहे त्याला हे गायब होणंच सांगतं की घोळ रजिस्टर आणि मेमरी यांच्यामध्ये आहे. माहीत नाही तो म्हणतो, "आता चालतंय," आणि प्रिंट तसाच ठेवून देतो. असे प्रिंट मी नोकरीत पुष्कळ पाहिले आहेत, वर 'काढू नये' अशी कॉमेंटसुद्धा असते.

जाता जाता आणखी एक. गे यांच्या मूळ फाइलीच्या डोक्यावरच कॉमेंटमध्ये सूचना आहे की जादा अचूकतेची रजिस्टरं असलेल्या मशीनवर आधी अचूकता त्रेपन्न बिटांवर आणून ठेवा. पायथॉननेही हाच कोड घेतला आहे, पण एक्स-८७ वर तो चालवण्याआधी अचूकता त्रेपन्न बिटांवर आणण्याची तजवीजही केली आहे. उसन्या कोडची वरची कॉमेंट वाचत जा, कंटाळवाणी असली तरी. आणि पीएचपीच्या बगनंतर लवकरच जावा जवळपास अशाच आकड्यावर, शेवटी ११ ऐवजी १२ असलेल्या, अडकताना आढळलं. लक्षण तेच, शेजार तोच, पण तिथे एक्स-८७ चा संबंध नव्हता. जावाचा स्वतःचा दुरुस्तीचा लूप दोन शेजारच्या किमतींमध्ये हेलपाटे घालत होता. त्यामुळे माझ्या गोष्टीतलं कारण उचलून आपल्या बगला चिकटवू नकोस. तुझा प्रिंटही बग पळवतो, पण वेगळ्या वाटेने.

आता तुझ्याकडे येतो. तुझा कोड रॉबर्ट निस्ट्रम यांच्या 'क्राफ्टिंग इंटरप्रिटर्स' वरून बेतलेला आहे हे पहिल्या फाइलीतच कळलं. चांगलं पुस्तक निवडलंस. त्यातला गार्बेज कलेक्टर, म्हणजे वापरात नसलेली मेमरी फ्री करणारा भाग, पहिल्यांदा केव्हा धावतो, बघितलंस? सुरुवातीची मर्यादा १०२४ गुणिले १०२४ बाइट, म्हणजे एक एमबी मेमरी वापरून होईस्तोवर तो जागाच होत नाही. तुझ्या छोट्या टेस्ट त्या मर्यादेच्या जवळही जात नाहीत. म्हणजे त्या पास होतात याचा अर्थ तुझा कलेक्टर बरोबर आहे असा नाही. त्या टेस्टनी कलेक्टरचं तोंडच पाहिलेलं नाही.

आणि प्रिंटएफ? तो स्वतःच्या बफरसाठी त्याच हीपमधून मेमरी घेतो. त्यामुळे पुढच्या तुकड्यांची मांडणी बदलते. फ्री केलेली मेमरी कोणी पुसत नाही. खोली सोडून गेलेल्या भाडेकरूचं भिंतीवरचं कॅलेंडर नवा भाडेकरू येईपर्यंत तसंच लटकत असतं, त्यातलाच प्रकार. तुझा पॉइंटर सुटलेल्या खोलीत डोकावतो. नवा कोणी आलेला नसला तर जुनीच अक्षरं दिसतात आणि सगळं आलबेल वाटतं, आला असला तर भलत्याच स्ट्रिंगची अक्षरं. तुझं लक्षण हेच आहे ना?

मला एका फंक्शनचा संशय आहे, पण नाव सांगत नाही. फक्त एवढं विचारतो: स्ट्रिंग जोडताना दोन्ही ऑपरंड तू स्टॅकवरून केव्हा काढतेस, नव्या स्ट्रिंगसाठी मेमरी मागण्याआधी की नंतर? मेमरी मागताना कलेक्टर धावू शकतो, आणि कलेक्टरला तुझा स्टॅक दिसतो, सी मधली तुझी लोकल व्हेरिएबल्स दिसत नाहीत. यावर कागदावर चित्र काढून विचार कर. पण विचारावर थांबू नकोस, दाखवून दे.

त्यासाठी आधी क्वचित होणारं नेहमी होईल असं कर. पुस्तकात डीबग-स्ट्रेस-जीसी नावाचा फ्लॅग आहे, तू तो कॉमेंट करून ठेवला आहेस ("फार स्लो होतं" हे कारण वाचून हसू आलं). तो चालू केला की मेमरी मागताना दर वेळी कलेक्टर धावतो. हजारो फेऱ्यांनी येणारा बग मग पहिल्या-दुसऱ्या फेरीत येईल, आणि टेस्ट चार ओळींची होईल. त्यानंतर कंपायलरला ॲड्रेस सॅनिटायझर लावून बिल्ड कर. सुटलेल्या मेमरीला हात लागला की तो जागच्या जागी प्रोग्राम थांबवतो आणि तीन वाटा छापून देतो: ही मेमरी आत्ता कोणी वाचली, फ्री कोणी केली, मुळात मागितली कोणी. मधली वाट आधी वाच. मुलं पहिली वाचतात आणि तिथेच दुरुस्ती करतात, पण वाचणाऱ्याचा दोष क्वचितच असतो. ज्याला फ्री करायला नको होतं ते फ्री का झालं, हा खरा प्रश्न.

गिट बायसेक्टचंही तू विचारलं आहेस. उत्तम हत्यार आहे, हजार कमिटांतून साधारण दहा पायऱ्यांत दोषी कमिट काढून देतं. पण फ्लॅग बंद ठेवून चालवशील तर फसशील. बग मेमरीच्या मांडणीवर अवलंबून असताना "या कमिटला येत नाही" याचा अर्थ एवढाच की इथे नशिबाने दिसला नाही. मग बायसेक्ट तुला मांडणी बदलणारं कुठलं तरी गरीब कमिट दाखवील, आणि तू तुझ्या पार्टनरशी भांडशील. आधी बग हमखास येईल अशी टेस्ट, मग बायसेक्ट.

कंपायलरवर खापर फोडू नकोस. पीएचपीच्या गोष्टीत कंपायलरचा हात होता हे खरं. जीसीसीच्या बगयादीत ३२३ क्रमांकाची नोंद याच जादा शेपटावरून २००० सालापासून गाजते आहे, आणि तिच्यावरची वादावादी वाचण्यासारखी आहे. पण फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये दोष कंपायलरचा निघण्याची शक्यता धरूच नकोस.

दुरुस्ती सापडली की एक अट पाळ. ती लावल्यावर बग का जातो हे एका परिच्छेदात लिहिता आलं पाहिजे: कुठला ऑब्जेक्ट, कुठल्या क्षणी, कोणाच्या नजरेआड होता. लिहिता आलं नाही तर ती दुरुस्ती नाही, तुझ्या त्या वरखाली केलेल्या दोन ओळींसारखीच एक. तो परिच्छेद रिपोर्टमध्ये घाल. परीक्षक तुझ्या भाषेचं व्याकरण विसरतील, तो परिच्छेद विसरणार नाहीत. आणि चार ओळींची ती टेस्ट कायमची ठेव, स्ट्रेस फ्लॅगसकट.

सबमिशनला अजून अवकाश आहे, त्यामुळे घाई नको. त्या दोन ओळी आधी होत्या तशा परत कर, फ्लॅग आणि सॅनिटायझर दोन्ही लावून चालव, आणि जे छापलं जाईल ते काटछाट न करता मला मेल कर. फोनवर वाचून दाखवू नकोस.

तुझा,
मामा