जुन्या गाडीला एबीएस बसवावे का?

गुम्मिडिपूंडीच्या सिपकॉट वसाहतीत नोकरी करणाऱ्या वाचकाने विचारले आहे: एबीएस नसलेल्या जुन्या मारुती ८०० ला ते बाहेरून बसवून घ्यावे का? उत्तर स्पष्ट आहे. नको.

एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी ब्रेक यंत्रणा, ही नुसती एक पेटी नव्हे. चाकांचे वेग मोजणारे सेन्सर, दाब क्षणोक्षणी सोडणारे व्हॉल्व्ह आणि त्या विशिष्ट गाडीच्या वजनाशी जुळवलेले सॉफ्टवेअर असा तो संच असतो. ही जुळवणी उत्पादक महिनोन्‌महिने चाचण्या घेऊन करतात; गॅरेजमध्ये ती होत नाही. चुकीची जुळवणी मूळच्या ब्रेकपेक्षा घातक ठरते.

तरी एबीएसचे मोल मोठे आहे. १९७८ मध्ये बॉशने ते मर्सिडीजमध्ये आणले. ओल्या रस्त्यावर चाक लॉक होत नाही, त्यामुळे जोरात ब्रेक दाबूनही गाडी वळवता येते. ईशान्य मोसमी पावसात चेन्नई–कोलकाता महामार्गावर हे फार मोलाचे. भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांत ते सक्तीचे आहे.

जुन्या गाडीत आधी ब्रेक ऑइल बदला. ते हवेतली ओल शोषते आणि गुम्मिडिपूंडीजवळच्या पुलिकतच्या किनारी हवेत ओलीला तोटा नाही. कोरड्या डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस, ओल शिरल्यावरची किमान मर्यादा १५५! दर दोन वर्षांनी ते बदलून घ्या, रबरी होज तपासा, टायर चांगले ठेवा. रोज महामार्गावरच जायचे असेल, तर कारखान्यातूनच एबीएस घेऊन आलेली गाडी पाहा.