विमान मोडीत काढलं, पैसे किती वाचले?

प्रश्न : खर्च कमी करायचा म्हणून एखादं सरकार लष्करी विमानांचा महागडा प्रकल्प मध्येच बंद करतं. त्यात खरोखर पैसा वाचतो, की आधी घातलेलाही बुडतो?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : आधी घातलेला पैसा गेलाच, विमान पुरं केलं तरी तो परत येत नाही. हिशेब धरायचा तो पुढच्या खर्चाचा. उरलेली बांधणी तर आहेच, शिवाय वीस-तीस वर्षांचं इंधन, सुटे भाग, वैमानिक-तंत्रज्ञांचे पगार. वाचतो तो हा पैसा. तोही कधी कधी फक्त पुढे ढकलला जातो, आणि ब्रिटनच्या ‘निमरॉड एमआरए-४’चं तेच झालं.

पाणबुड्यांचा माग काढणारी ही विमानं. १९९६ मध्ये २१ विमानांचा करार झाला. हवाई दलाकडच्या जुन्या निमरॉडचे सांगाडे घ्यायचे, त्यांना नवे पंख आणि नवी इंजिनं बसवायची, म्हणजे स्वस्तात काम होईल, असा बेत. मूळ निमरॉड बेतलेलं होतं ‘कॉमेट’वर, म्हणजे १९४९ साली पहिल्यांदा उडालेल्या प्रवासी जेटवर. नवे पंख काटेकोर मापाचे तयार झाले आणि बसवायला घेतले, तेव्हा घोळ उघडा पडला : जुने सांगाडे कारागिरांनी हातानं जुळवलेले, एकाचं माप दुसऱ्याला लागू नाही! झालं, खर्च आणि मुदत दोन्ही हाताबाहेर गेली.

मग दरवेळी तोच उपाय : संख्या कापा. २१ ची १८ झाली, करत करत ९ वर आली. अशी कपात कागदावर छान दिसते. पण आराखड्याचा आणि चाचण्यांचा खर्च तेवढाच राहतो, तो थोड्या विमानांवर पडतो आणि प्रत्येक विमान आणखी महागतं. अमेरिकेच्या बी-२ बॉम्बरचंही असंच झालं. ठरली होती १३२, बांधली २१; विकासखर्च धरून एकेक दोन अब्ज डॉलरच्या घरात गेलं.

ऑक्टोबर २०१० मध्ये, तूट कमी करायला निघालेल्या पंतप्रधान कॅमेरून यांच्या सरकारनं निमरॉड रद्द केलं. तोवर तीन अब्ज पौंडांहून जास्त खर्च झाला होता. दहा वर्षांत दोन अब्ज वाचतील, असं सांगण्यात आलं. काही महिन्यांतच वुडफर्डच्या कारखान्यात विमानं तोडायला घेतली; त्यातली काही जवळजवळ पुरी झालेली होती.

पण विमानं गेली म्हणून पाणबुड्या थोड्याच जातात? २०१४ च्या अखेरीस स्कॉटलंडजवळ परक्या पाणबुडीचा संशय आला, तेव्हा शोधासाठी मित्रदेशांची विमानं बोलवावी लागली. २०१५ मध्ये ब्रिटननं त्याच कामासाठी ९ बोइंग पी-८ घ्यायचं ठरवलं. पहिलं यायला २०२० उजाडलं. (याच जातीची पी-८आय विमानं आपल्या नौदलाकडे २०१३ पासून आहेत, आता काही गोव्याच्या ‘आयएनएस हंसा’वरही असतात.)

माझ्या मते चूक रद्द करण्यात नव्हती, उशीर करण्यात होती. पंख बसेनात तेव्हाच थांबवून तयार विमानं घेतली असती, तर बराच पैसा वाचला असता. पण कारखान्यातल्या नोकऱ्या, खासदारांचे मतदारसंघ आणि ‘आता एवढं झालंय तर होऊन जाऊ द्या’ हा सूर यांपुढे असा निर्णय वेळेवर घेणारा मंत्री विरळाच.