निवृत्तीनंतर मेक्सिको : परतीचे दार उघडे ठेवा



आमच्या पिढीतली बरीच मंडळी आता साठी-पासष्टीच्या उंबरठ्यावर आहेत. गणपतीच्या जेवणानंतर पूर्वी मुलांच्या कॉलेजच्या गप्पा रंगायच्या, आता निवृत्तीच्या रंगतात. "भारतात परत जायचे की इथेच राहायचे?" या जुन्या प्रश्नाला आम्हा टेक्ससकरांकडे हल्ली तिसरा पर्याय जोडला जातो, तो म्हणजे शेजारचा मेक्सिको. मी आणि माझ्या पत्नीने गेल्या वर्षी या पर्यायाचा कागद-पेन्सिल घेऊन अभ्यास केला. त्यातले जे सर्वांच्या उपयोगी पडेल, ते इथे मांडतो.

आकर्षण खरे आहे. ग्वादालाहारा शहराजवळ चपाला सरोवराच्या काठी अमेरिकन आणि कॅनेडियन निवृत्तांची जुनी वस्ती आहे. उंची सुमारे १५०० मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा थोडी जास्तच. हवा बारमाही सौम्य. घरभाडे आणि घरकामाला मदतनीस अमेरिकेच्या मानाने बरेच स्वस्त. मक्याची तोर्तिया, घेवड्याची उसळ, कोथिंबीर, लिंबू, मिरची असल्यावर आपले फारसे अडत नाही. शाकाहारी मंडळींनी मात्र उसळीत डुकराची चरबी नाही ना, हे विचारून घ्यावे!

सोशल सिक्युरिटीची चिंता नाही. अमेरिकन नागरिकाला ती मेक्सिकोत राहूनही मिळते. खरी मेख आहे मेडिकेअरची.

मेडिकेअर सीमा ओलांडत नाही

काही मोजके अपवाद सोडले, तर मेक्सिकोतल्या उपचारांचे पैसे मेडिकेअर देत नाही. मग साहजिकच वाटते की पार्ट बीचा हप्ता कशाला भरायचा? २०२५ साली हा हप्ता दरमहा १८५ डॉलर होता. पण नियम असा : ६५ व्या वाढदिवसाच्या महिन्याआधीचे तीन, तो महिना आणि नंतरचे तीन, अशा सात महिन्यांत पार्ट बी घेतला नाही, तर पुढे प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्ता १० टक्क्यांनी वाढतो, आणि ही वाढ सहसा जन्मभर राहते. (नोकरी चालू असून कंपनीचा विमा असेल, तर नियम वेगळे.)

२०२५ च्या दराने हिशोब करू. पाच वर्षे पार्ट बी घेतला नाही, तर वाचले ६० × १८५ = ११,१०० डॉलर. परतल्यावर ५० टक्के दंड, म्हणजे दरमहा ९२.५० डॉलर जास्त. वाचलेली रक्कम १२० महिन्यांत, म्हणजे दहा वर्षांत फिटते. कोणी म्हणेल, हा काही फार तोट्याचा सौदा नाही.

परंतु दंडापेक्षा महाग आहे ती वाट पाहणे. मुदत चुकलेल्यांना नावनोंदणी एरवी फक्त १ जानेवारी ते ३१ मार्च या काळातच करता येते. समजा, सत्तराव्या वर्षी एप्रिलमध्ये पक्षाघात झाला आणि मुलीने तुम्हाला घरी आणले. पार्ट ए, म्हणजे इस्पितळाचा भाग, ज्यांनी इथे दहा वर्षे काम केले आहे त्यांना हप्त्याशिवाय आणि केव्हाही मिळतो. पण डॉक्टरांची फी, बाहेरच्या तपासण्या, घरून जाऊन घ्यायची फिजिओथेरपी हे सारे पार्ट बीमध्ये येते. त्यासाठी जानेवारीत अर्ज आणि फेब्रुवारीपासून संरक्षण. मधले नऊ-दहा महिने बिले कोणी भरायची? बहुधा मुलांनीच.

म्हणून आमचा निष्कर्ष असा : मेक्सिकोत राहिलो, तरी पार्ट बी चालू ठेवायचा. तोही मूळ मेडिकेअरमध्ये, कारण ॲडव्हांटेज योजना ठरावीक भागात राहणाऱ्यांसाठीच असतात. मेक्सिकोतल्या रोजच्या औषधपाण्यासाठी वेगळी रक्कम किंवा खाजगी विमा हवा. तिथल्या सरकारी आरोग्य विम्यात परदेशी रहिवाशांना ऐच्छिक नोंदणी करता येते, पण आधीचे काही गंभीर आजार असल्यास ती नाकारली जाते. आपल्या मंडळींत मधुमेह आणि हृदयविकार किती, हे सांगायला नको.

आणखी चार गोष्टी

१. ग्रीन कार्डवाल्यांनी आधी नागरिकत्व घ्यावे. कायमचे घर मेक्सिकोत केले, तर अधूनमधून सीमा ओलांडून आल्याने कार्ड टिकतेच असे नाही.

२. अमेरिकन नागरिकाला जगात कुठेही राहिला तरी अमेरिकेचे कर-विवरण भरावे लागते. परदेशी खात्यांची एकूण शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर वेगळा अहवाल द्यावा लागतो. त्यात मेक्सिकोच्या बँकेबरोबर आपली भारतातली एनआरई, एनआरओ खातीही धरली जातात.

३. पर्यटक म्हणून जास्तीत जास्त १८० दिवस राहता येते. त्याहून अधिक राहायचे, तर मेक्सिकोच्या वकिलातीत उत्पन्न किंवा बचत दाखवून तात्पुरत्या रहिवाशाचा परवाना मागावा. तो आधी एक वर्षाचा असतो आणि एकूण चार वर्षांपर्यंत वाढतो.

४. घर घ्यायची घाई नको. किनाऱ्यापासून ५० आणि सीमेपासून १०० किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी माणसाला राहते घर थेट स्वतःच्या नावावर घेता येत नाही. बँकेच्या ट्रस्टमार्फत घ्यावे लागते. चपाला या पट्ट्याबाहेर आहे. तरी आधी भाड्याने राहून एक उन्हाळा, एक पावसाळा काढावा.

आम्ही दोघे पुढच्या हिवाळ्यात तीन महिने भाड्याने राहून पाहणार आहोत. वाचकांनी आपापल्या परिस्थितीनुसार सोशल सिक्युरिटी कार्यालय आणि कर-सल्लागार यांच्याशी जरूर बोलावे. आणि ६५ वा वाढदिवस जवळ आला असेल, तर ते सात महिने आजच कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवावेत!