कुंडी बदलतांना ऑर्किडच्या मुळांची निगा

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांची शेतीवाडी कोंकणांत आणि बिऱ्हाड गिरगांव, दादर, परळ, लालबाग या भागांत, अशी स्थिति आहे. गांवीं आंब्याच्या किंवा फणसाच्या फांदीवर ज्येष्ठाच्या सुमारास सीतेची वेणी लोंबूं लागली, कीं तिचा एक ठोंब मुंबईच्या गॅलरींत असावा असें कोणासही वाटतें. दादर स्टेशनाजवळच्या फूलबाजारांत जांभळ्या डेंड्रोबियमच्या काड्या विकावयास येतात. त्या पाहून हल्लीं त्याचीं रोपेंही लोक पैसे देऊन आणतात. परंतु एवढ्या हौसेनें आणलेलें रोप बहुधा पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यांतच कुजतें. यांत दोष रोपाचा नसून कुंडी भरण्याच्या रीतीचा असतो. म्हणून प्रथम मुळांचा स्वभाव सांगून मग कुंडी बदलण्याची कृति सांगूं.

१. मुळांचा स्वभाव

ऑर्किड, ज्यास मराठींत आमर असेंही म्हणतात, त्याच्या कांहीं जाती जमिनींत वाढतात. पण सीतेची वेणी, वांडा, डेंड्रोबियम या जाती झाडावर राहणाऱ्या आहेत. त्यांस बांडगूळ समजणें चुकीचें होय. बांडगूळ आपलें मूळ झाडाच्या आंत घुसवून त्याचा रस घेतें. ऑर्किडचें मूळ सालीस नुसतें धरून बसतें आणि पावसाच्या पाण्यावर व सालीवरून ओघळणाऱ्या पाचोळ्याच्या कसावर निर्वाह करतें. तेव्हां बागाइतदारानें आंब्यावरून तें ओरबाडून काढण्याचें कांहींच कारण नाहीं.

या मुळावर पांढरें, स्पंजासारखें वेष्टण असतें. त्यास वेलामेन म्हणतात. तें मृत पेशींचें बनलेलें असून पावसाची सर येतांच पाणी शोषून घेतें व वाऱ्यावर पुन्हां सुकतें. कोरडें मूळ रुपेरी दिसतें, ओलें हिरवट दिसतें. भिजावें आणि सुकावें हाच त्याचा धर्म आहे. तें सतत ओलें राहिल्यास त्यास हवा मिळत नाहीं, बुरशी धरते व मूळ कुजतें.

हें न जाणून आम्हीं स्वतः एक ठोंब घालविला. मोडून पडलेल्या आंब्याच्या फांदीवरून तो आणला आणि केळीस लावावें तसा, तांबडी माती व शेणखत घालून चिनी मातीच्या कुंडींत लावला. गणपतीपर्यंत पानें हिरवीं होतीं म्हणून आम्ही निश्चिंत राहिलों. पितृपक्षांत पानें गळूं लागलीं, तेव्हां उपटून पाहिलें तों हातांत काळा लगदा आला. मुळें मेलीं होतीं तीं बहुधा आषाढांतच. ऑर्किडचें पान फार उशिरां तक्रार करतें. खरें वर्तमान मुळांपाशींच विचारावें लागतें.

२. कुंडी केव्हां बदलावी

सोडण वगैरे भर सुमारें दोन वर्षांत कुजून भुसभुशीत होते व पाणी धरून ठेवूं लागते. तेव्हां डेंड्रोबियमची कुंडी बदलावी. फुलें संपून बुडाशीं नवा कोंब फुटला असावा व त्याचीं मुळें नुकतीं डोकावूं लागलीं असावींत, हा उत्तम समय होय. मुंबईंत माघाच्या अखेरीपासून वैशाखापर्यंत हें काम उरकावें. भर पावसांत जखमा सुकत नाहींत व थंडींत मुळांची वाढ मंद असते.

सीतेची वेणी व वांडा यांस मात्र होईल तितकें कमी हलवावें. त्यांची लांकडी पट्ट्यांची पेटी जीर्ण झाल्यास मुळें सोडवीत न बसतां जुनी पेटी तशीच मोठ्या पेटींत बसवावी.

३. साहित्य

बाजूस व बुडाशीं भोंकें असलेली मातीची कुंडी, लोणारी कोळसा, विटांचे व खापरांचे तुकडे आणि नारळाचें सोडण एवढें पुरे. माती व शेणखत मुळींच नको. सोडणाचे इंचभर तुकडे करून चार-पांच दिवस भिजत ठेवावे व रोज पाणी बदलावें. त्यामुळें त्यांतील क्षार व तांबूस रस निघून जातो.

४. कृति

प्रथम कुंडी पाण्यांत थोडा वेळ बुडवावी, म्हणजे मुळें लवचीक होतात. काठास चिकटलेलें मूळ ओढूं नये. प्रसंगीं कुंडी फोडावी, पण मूळ तोडूं नये. जुनी भर झाडून टाकावी व प्रत्येक मूळ बोटांनीं चाचपावें. घट्ट लागतें तें जिवंत. दाबलें असतां पोकळ लागतें, पाणी सुटतें किंवा वेष्टण निघून आंत नुसता दोरा उरतो, तें मेलेलें. तें निरोगी भागापर्यंत कापावें. कात्री दर झाडागणिक ज्योतीवर तापवून घ्यावी, कारण रसाबरोबर विषाणुरोग एका झाडाचा दुसऱ्यास लागतो.

जुने निष्पर्ण दांडे वाळलेले नसतील तर कापूं नयेत; तो झाडाचा सांठा आहे. ठोंब विभागावयाचा असल्यास दर भागास निदान तीन-चार दांडे ठेवावे.

नवी कुंडी मुळांच्या पसाऱ्याहून दोन बोटेंच मोठी घ्यावी. मोठी कुंडी उशिरां सुकते. तळाशीं खापरें, वर कोळसा व सोडण असें भरावें. जुनी बाजू काठास लावावी, नवा कोंब मोकळ्या जागेकडे ठेवावा, व बूड भरेच्या वरच राहूं द्यावें. हवेंत वाढलेलीं मुळें आंत दडपूं नयेत. शेवटीं काठीस सुंभानें बांधावें. झाड हललें तर मुळांचीं कोंवळीं टोकें घासून मरतात.

५. पुढील निगा

चार-पांच दिवस कुंडीस पाणी न देतां सकाळीं पानांवर हलका शिडकावा करावा. पुढें भर सुकली म्हणजे भरपूर पाणी द्यावें व तें निथळूं द्यावें. बशी ठेवूं नये. मुंबईचा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत २,००० मिलिमीटरांवर जातो. म्हणून या काळांत कुंडी वळचणीखालीं, वारा लागेल अशी टांगावी. नवीं मुळें धरल्यावरच अगदीं पातळ खत द्यावें.

मुंबईस ही हौस नवी नाहीं. पश्चिम हिंदुस्थानच्या कृषि व उद्यान मंडळीची बाग पूर्वीं शिवडीस होती. पुढें १८६२ सालीं भायखळ्याची राणीची बाग उघडली. फादर सांतापाव व कपाडिया यांचा येथील ऑर्किडांवरील ग्रंथ १९६६ सालीं निघाला. पण रान विरळ होत चाललें आहे. म्हणून रानांतील ठोंब उपटूं नये; रोपवाटिकेंतील रोप घ्यावें, किंवा आपल्याच बागेंत मोडून पडलेल्या फांदीवरचा ठोंब वांचवावा. आणि पाणी घालण्यापूर्वीं दर वेळीं मुळांचा रंग पाहावा: रुपेरी असेल तर द्यावें, हिरवट असेल तर थांबावें.