आळशी म्हणण्यापूर्वी

पाठासाठी शास्त्रभाग : निर्गम ३५:३० ते ३६:२, मत्तय २५:१४-३०

“तो आळशी आहे हो, त्याच्याकडून काही व्हायचे नाही.” हे वाक्य आपण घरी, शेतावर, कचेरीत आणि सांगावयास खेद वाटतो की, मंडळीच्या कमिटीतसुद्धा किती सहज बोलून जातो! एकदा हा शिक्का बसला की तो माणूसही हळूहळू त्या शिक्क्याप्रमाणेच वागू लागतो. म्हणून या महिन्याच्या पाठात माणूस कामावर जसा वागतो तसा तो का वागतो, या प्रश्नाचा आपण विचार करू. आरंभ आमच्याच चुकीपासून करणे बरे.

आम्ही सुप्याकडचे. जुने सुपा गाव धरणाच्या पाण्याखाली गेले आणि तालुक्यालाही आता जोयडा म्हणतात. पण जुनी माणसे अजून ‘सुप्याकडचे’ असेच म्हणतात. आमची मंडळी लहान. शब्बाथ शाळेच्या बालवर्गाला शिक्षक नव्हता, म्हणून एका तरुणाला आम्ही तो वर्ग सोपविला. पहिल्या रविवारी तो आला. दुसऱ्या रविवारी उशिरा आला. तिसऱ्या रविवारी अंगात कणकण असल्याचा निरोप आला आणि चौथ्या रविवारी निरोपही आला नाही. कमिटीत आम्हीच म्हणालो, “आजच्या मुलांना सेवेची आवड नाही.” सर्वांनी माना डोलावल्या.

एका संध्याकाळी आम्ही त्याच्या घरी जाब विचारावयास गेलो. तो घरी नव्हता. त्याची आई म्हणाली, “भाऊ, तो घाबरतो हो. घरात आम्ही बोलतो ते वेगळे आणि शास्त्रातले मराठी वेगळे. शाळा त्याची सगळी कानडीत झाली. हिंदीपुरती अक्षरे येतात, पण पोरांसमोर अडखळलो तर पोरे हसतील म्हणतो.”

आम्ही गप्प बसलो. हा तरुण लहानपणापासून आमच्यासमोर वाढला. गीते तो तोंडपाठ म्हणतो. त्याला मराठी वाचता येते का, हे आम्ही एकदाही विचारले नव्हते. ज्याला आम्ही आवडीचा अभाव समजलो, ती वाचनाची अडचण होती.

१. कुवत : काम जमते का?

कामातील वागणुकीचे पहिले मूळ म्हणजे कुवत. तिच्यात काही भाग जन्मजात असतो, जसे अंगातले बळ, नजर, कान, स्मरणशक्ती. आणि काही भाग शिकून, हात बसवून मिळविलेला असतो. एकाला हिशेब चटकन जमतो, दुसऱ्याला माणसे सांभाळता येतात, तिसऱ्याचा हात हत्यारावर बसलेला असतो. सर्वांना सर्व जमत नाही, आणि यात कोणाचा कमीपणा नाही. प्रश्न एवढाच की, ज्याला जे जमते ते काम त्याच्याकडे आले आहे काय?

आमच्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्यातील एक उदाहरण पाहा. गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकलेच्या ओढीने मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. ओढ खरी होती, मेहनतही होती. परंतु त्यांना काही रंगांतील फरक नीट दिसत नाही असे आढळून आले. चित्रकाराला हा मोठाच अडसर! त्यांनी रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. ते यंत्रांची रेखाचित्रे काढण्यास शिकले आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. माणूस तोच, हातही तोच. चित्रकार म्हणून कदाचित अयशस्वी ठरला असता, पण यंत्रांच्या क्षेत्रात त्याने इतिहास घडविला.

पवित्र शास्त्रातही हेच दिसते. निवासमंडपाचे काम निघाले तेव्हा बसालेल व अहलियाब यांची निवड झाली. देवाने त्यांना दिलेल्या देणग्यांची तेथे यादीच आहे : सोने, रुपे व पितळ घडविणे, रत्ने कोंदणात बसविणे, लाकूड कोरणे, विणणे, आणि दुसऱ्यांना शिकविणे. हातातले कसब हीसुद्धा देवाच्या आत्म्याची देणगी आहे, हे त्या अध्यायात स्पष्ट आहे. सुतारकाम, शिवणकाम व स्वयंपाक यांना आपण ‘साधी कामे’ म्हणतो, तेव्हा हा शास्त्रभाग आठवावा.

२. उमेद : करावेसे वाटते का?

कुवत असूनही माणूस मागे राहतो, कारण दुसरे मूळ आहे उमेदीचे. नॉर्मन मायर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ साली ही गोष्ट एका साध्या सूत्रात मांडली. त्याचा आशय असा की, काम म्हणजे कुवत गुणिले उमेद. येथे बेरीज नाही, गुणाकार आहे, हे ध्यानात घ्या. कुवत आठ आणि उमेद शून्य असेल तर बेरीज आठ येईल. गुणाकार मात्र शून्यच येणार. उलट, उमेद कितीही असली तरी ज्याला पोहता येत नाही त्याला नदीत ढकलून काय होणार? आमच्या तरुणाची उमेद मोठी होती, पण मराठी वाचनाच्या ठिकाणी शून्याजवळचा आकडा होता. आम्ही मात्र उमेदीवरच भाषण देण्याच्या तयारीत गेलो होतो!

मग उमेद येते कोठून? व्हिक्टर व्रूम याने १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सांगितले की, काम हाती घेताना माणूस मनात तीन हिशेब करतो. मी कष्ट केले तर ते काम साधेल काय? ते साधले तर त्याचे फळ मला मिळेल काय? आणि त्या फळाची मला किंमत आहे काय? यातील एकाचेही उत्तर ‘नाही’ आले की हात ढिले पडतात. बाहेरून पाहणारा म्हणतो, “आळशी.”

लक्ष्मणरावांच्या चरित्रात हेही दिसते. त्यांच्या हक्काची बढती डावलून दुसऱ्याला दिली गेली, तेव्हा त्यांनी ती नोकरी सोडली. कसब तेच होते, पण कष्टाचे फळ मिळेल हा विश्वास तेथे उरला नव्हता. बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा यांच्याबरोबर सायकलींच्या धंद्यात व पुढे शेतीच्या अवजारांत त्याच कसबाला नवे बळ आले. लोखंडी नांगराने जमीन बिघडते अशी त्या काळच्या शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली असे सांगतात. तरी ते खचले नाहीत.

पगार वाढविला की उमेद वाढते, असे आपण समजतो. फ्रेडरिक हर्झबर्ग व त्याचे सहकारी यांनी अमेरिकेतील पिट्सबर्ग भागात सुमारे दोनशे अभियंते व हिशेबनीस यांच्या मुलाखती घेऊन १९५९ साली आपले निष्कर्ष छापले. त्यांना असे दिसले की, अपुरा पगार, जाचक नियम व तुसडा वरिष्ठ यांमुळे माणूस नाराज होतो. परंतु ही नाराजी दूर झाली म्हणजे उमेद आलीच असे नाही. काम पार पाडल्याचे समाधान, त्याची कोणी घेतलेली दखल आणि अंगावर टाकलेली जबाबदारी यांनी खरी उमेद येते. या निष्कर्षांवर पुढे पुष्कळ वाद झाले. पण ज्या शब्बाथ शाळेच्या शिक्षकाला दहा वर्षांत कोणी “बरे शिकविलेत” असे म्हटले नाही, त्याला यातले सत्य विचारून पाहा.

आता मत्तयातील दाखला घ्या. धनी आपला पैसा ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे वाटतो. एक हिस्सा मिळालेला दास तो जमिनीत पुरतो. का पुरतो? तो स्वतःच सांगतो की त्याला भीती वाटली. आपला धनी कठोर आहे, असे त्याने मनाशी धरले होते. त्याला बोल बसलाच, आणि तो योग्यच होता. परंतु शिक्षकांनी व वडीलधाऱ्यांनी यातून आणखी एक धडा घ्यावा. ज्याला वरचा माणूस कठोर वाटतो, तो आपले कसब पुरून ठेवतो. आपल्या हाताखालचे लोक काही पुरून ठेवीत असतील, तर आपला चेहरा त्यांना कसा दिसतो?

३. वाव : जागा व साधन आहे का?

कुवत आहे, उमेद आहे, तरी काम दिसत नाही, असेही घडते. मेल्व्हिन ब्लूमबर्ग व चार्ल्स प्रिंगल या अभ्यासकांनी १९८२ साली दाखविले की, पहिल्या दोन मुळांच्या नादात आपण तिसरे मूळ विसरतो. ते म्हणजे वाव : साधने, वेळ, जागा, सोबतीची माणसे आणि परिस्थिती.

हे समजण्यास आम्हां सुप्याकडच्यांना परदेशी ग्रंथाची गरज नाही. काळी नदी आमच्याच तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावते आणि सुमारे १८४ किलोमीटर वाहत कारवारजवळ समुद्राला मिळते. तिला पांढरी नदी जेथे मिळत असे, तेथे जुने सुपा गाव होते. राज्याच्या वीज महामंडळाने, ज्याची स्थापना १९७० साली झाली, गणेशगुडी येथे १०१ मीटर उंच व ३३२ मीटर लांब काँक्रीटचे धरण उभारले. त्या पाण्यावर राज्यात दिवे लागले. पण गाव, बाजार व भातखाचरे जलाशयाखाली गेली. पुष्कळ कुटुंबे रामनगरला वसविली गेली.

आता विचार करा. कोणत्या खाचरात पाणी किती टिकते, कोणत्या बांधावर काय लावावे, नदीचा रंग बदलला की काय समजावे, हे ज्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक, तो शेतकरी एका दिवसात नव्या जागी आला. हात तेच, मन तेच. पण ज्या जमिनीवर ते ज्ञान चालत असे ती जमीन राहिली नाही. काल जो गावातला जाणता होता, तो आज रोजगाराच्या रांगेत अडाणी ठरला. असा म्हातारा ओट्यावर नुसता बसलेला दिसला की तरुण म्हणत, “म्हातारा काही करीत नाही.” त्याचे काय बुडाले होते, हे कोणी विचारले?

याच तालुक्यात उलट उदाहरणही आहे. इकडच्या कुणबी घरांतील बायांना मुडली व इतर कंदांची किती जाण आहे! कोणता कंद कोठे लावावा, केव्हा खणावा, बियाणे कसे राखावे, हे सर्व त्यांना मुखोद्‌गत. ही विद्या आहे असे पुष्कळ वर्षे कोणी म्हटले नाही. अलीकडे जोयड्याला कंदांचा मेळा भरतो, गिऱ्हाईक येते, शिकलेली माणसे माहिती लिहून घेतात. बायांची कुवत काही एका वर्षात वाढली नाही. तिला वाव मिळाला, दखल मिळाली. गणेशगुडीच्या खाली धरणातून सोडलेल्या पाण्यावर आज रबरी होड्या चालतात. ज्या नदीने गाव घेतले, तिच्याच पाण्यावर काम मिळण्याची वाट निघाली.

किर्लोस्करांचेही तसेच झाले. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ जागा दिली आणि १९१० साली त्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. तेथे लक्ष्मणरावांनी, स्वतःला मिळाला तसा, दुसऱ्यांना वाव दिला. शाळेत अपयशी ठरलेले तरुण त्यांच्या हाताखाली नावाजलेले तंत्रज्ञ झाले. गुन्हेगार म्हणून शिक्षा भोगलेल्या माणसांवर त्यांनी वसाहतीच्या पहाऱ्याची जबाबदारी टाकली, आणि ती माणसे विश्वासाला उतरली.

आपण काय करावे?

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गातील मूल असो, घरातील मुलगा असो, की हाताखालचा कामगार असो, ‘आळशी’ हा शब्द ओठावर येण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावे : त्याला जमते का? त्याला करावेसे वाटते का? त्याला वाव आहे का? जमत नसेल तर रागावून उपयोग नाही. शिकवावे किंवा काम बदलावे. वाटत नसेल तर त्याचे कष्ट कोठे वाया गेले, कोणी त्याची दखल घेतली नाही, हे शोधावे. वाव नसेल तर त्याला दोष देण्याऐवजी दार उघडावे. तिन्ही असूनही तो बसून राहत असेल, तर मग स्पष्ट बोलणे हेच प्रेम. खरा आळसही जगात आहे, पण आपण समजतो तितका नाही.

आणि हे प्रश्न स्वतःलाही लावावे. आपण एखादे काम टाळतो तेव्हा “वेळ नाही” म्हणतो. खरोखर वेळ नाही, की ते आपल्याला येत नाही हे सांगण्याची लाज वाटते?

त्या तरुणाचे पुढे काय झाले? आम्ही त्याची क्षमा मागितली. आता तो गोष्ट तोंडी सांगतो, खडूने फळ्यावर होड्या व मेंढरे काढतो, आणि गीतांची बाजू तर त्याचीच. वचन वाचण्यास मोठ्या वर्गातील एक मुलगी त्याच्या शेजारी उभी राहते. आठवड्यातून एकदा तो आमच्याकडे मराठी वाचावयास बसतो. जोडाक्षरापाशी तो अजून अडखळतो. मागच्या रविवारी वर्गात असाच अडला, तेव्हा बालवर्गातील एका पोराने ते अक्षर त्याला सांगितले. कोणी हसले नाही.

विचारासाठी प्रश्न

१. निर्गम ३६:२ मध्ये कामासाठी पुढे आलेल्या लोकांविषयी कोणत्या दोन गोष्टी सांगितल्या आहेत? त्यांतील कुवत कोणती व उमेद कोणती?

२. एक हिस्सा मिळालेल्या दासाने धन्याविषयी काय समज करून घेतला होता? त्याचा त्याच्या वागण्यावर काय परिणाम झाला?

३. आपल्या मंडळीत कोणाचे कसब आजवर कोणी पाहिलेच नाही? या महिन्यात त्या व्यक्तीला कोणते काम सोपविता येईल?