भिऱ्याचं पाणी

नदीकाठी तंबू, शेकोटी, सकाळी गरम पोहे, अशी जाहिरात वाचून आम्ही कोलाडजवळ कुंडलिकेकाठी मुक्काम ठरवला. डिसेंबर महिना, आभाळ निरभ्र. कॅम्पवाल्याने तंबू ठोकले ते थेट पात्रातल्या गोट्यांवर. सपाट जागा, उशाशी खळखळ, सगळे खूश. सकाळी चहाचं आधण ठेवलं आणि पाणी चुलीपर्यंत आलं. पातेली, चपला, एक सॅक गेली. माणसं वर चढली म्हणून निभावलं. गुरं घेऊन निघालेले एक आजोबा शांतपणे म्हणाले, "पावरहाऊसचं पाणी ते. रोजचंच."

मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीवरून भिऱ्याच्या वीजगृहात उतरतं आणि वीज झाली की कुंडलिकेत सुटतं. हे 1927 पासून चालू आहे. कोलाडचं राफ्टिंग याच पाण्यावर चालतं. म्हणजे इथे नदी पावसावर नाही, विजेच्या गरजेवर चढते. तेव्हा पैसे भरण्याआधी कॅम्पवाल्याला विचारा, पाणी किती वाजता येतं? तो घुटमळला तर दुसरा बघा. झुडपांना अडकलेला पाचोळा जिथवर दिसतो, त्याच्या बराच वर तंबू लावा.

गडावर उलटी गत. रोह्याजवळच्या अवचितगडावर बाराकोनी तलाव आहे, टाकीही आहेत, पण मार्चनंतर त्यांच्या भरवशावर जाऊ नये. पाणी खालूनच न्यावं. दाट रानात ढोरवाटा इतक्या फुटतात की मेढा किंवा पिंगळसईतून माहीतगार सोबत घेतलेला बरा.

फणसाड अभयारण्य हे जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान, 1986 साली अभयारण्य झालं. शेकरू दिसावं म्हणून जायचं तर इथल्या पाणवठ्यांजवळ, म्हणजे 'गाणीं'जवळ, गप्प बसावं. रात्री आत राहता येत नाही. सुपेगावला प्रवेशद्वाराशी तंबूंची सोय आहे. वनखात्याकडे आधी चौकशी करा.

दिव्याहून रोह्याची गाडी पेणवरूनच जाते. पेणला उतरून पोह्याचे पापड घ्यावेत. निखाऱ्यावर भाजलेल्या त्या पापडापुढे कॅम्पवाल्याचं 'बार्बेक्यू' फिकं, हे माझं ठाम मत.

पावसाळ्यात मात्र डोंगराच्या कुशीत मुक्काम नकोच. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यात इरशाळवाडीवर दरड कोसळली, तीही झोपेच्या वेळी. धबधब्यांवर जिल्हाधिकाऱ्यांचे बंदी आदेश निघतात, ते घराबाहेर पडण्यापूर्वी वाचावेत.

आणि सकाळी बूट झटकूनच घाला. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपचार रूढ करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ते काम याच रायगड जिल्ह्यात, महाडला केलं. इथे विंचू किती, ते यावरून ओळखा. दंश झाला तर चिरणं, आवळून बांधणं नको, मांत्रिकही नको. गाडी थेट रोह्याच्या सरकारी रुग्णालयाकडे काढा, आणि त्यासाठी रात्री एक गाडी आणि एक न प्यायलेला चालक कॅम्पवर ठेवा.